ज्यांचे नाव आजाराला मिळाले: डॉ. बरिल क्रोन

न्यूयॉर्कमधल्या एका ज्यू कुटुंबात १३ जून १८८४ रोजी बरिल बर्नार्ड क्रोन यांचा जन्म झाला. घरात बारा भावंडे होती. वडील थिओडोर यांना अपचनाचा जुना आणि जबर त्रास होता. काय खावे, काय टाळावे, आज पोट कसे आहे, याभोवती घरातला दिवस फिरत असे. वडिलांचे हे दुखणे पाहत मोठा झालेला मुलगा पुढे वैद्यकाकडे वळला आणि त्यातही त्याने पोटाचाच विषय धरला. आज जगभरात लाखो रुग्णांच्या कागदांवर त्याचे आडनाव लिहिलेले असते. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतही क्रोन्स डिसीज हा शब्द आता नवा राहिलेला नाही. मात्र हे नाव एका माणसाचे आहे, हे बहुतेक रुग्णांना ठाऊक नसते. त्या माणसाला स्वतःला हे नामकरण फारसे रुचले नव्हते, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असते.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधून १९०२ मध्ये पदवी घेऊन क्रोन कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि १९०७ मध्ये डॉक्टर झाले. शिकत असतानाच त्यांनी पोटातील रक्तस्रावावर संशोधन केले होते. त्यावर पीएच. डी. मिळू शकत होती, पण तिच्यासाठी ३५ डॉलर शुल्क भरावे लागणार होते. एवढ्या मोठ्या घराचा खर्च चालवणाऱ्या वडिलांकडे आणखी पैसे मागणे त्यांना बरे वाटेना, म्हणून ती पदवी त्यांनी घेतलीच नाही. पुढे माउंट सायनाय रुग्णालयात उमेदवारीसाठी १२० जणांतून आठ जण निवडले गेले, त्यात क्रोन होते.

या रुग्णालयाची माहिती इथे थोडी सांगायला हवी. १८५२ मध्ये ते ज्यूंचे रुग्णालय म्हणून स्थापन झाले आणि पुढे त्याचे नाव बदलून माउंट सायनाय झाले. दार सर्वांना उघडे असले, तरी शहरातील ज्यू रुग्ण मोठ्या संख्येने तिथेच येत. क्रोन यांच्या हाती ठरावीक प्रकारचे आतड्याचे रुग्ण वारंवार का लागले, याचे एक कारण कदाचित यात दडलेले होते. त्या काळी ते कोणाला कळण्यासारखे नव्हते. १९२० मध्ये रुग्णालयाने पोटविकारांचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि त्याचे पहिले प्रमुखपद क्रोन यांच्याकडे आले.

त्या काळात पोटाचा डॉक्टर बराचसा अंदाजाने चालत असे. आतड्यात आत डोकावणारी दुर्बीण नव्हती, सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे, बोटांनी केलेली पोटाची तपासणी आणि शेवटी शस्त्रक्रिया, एवढीच साधने होती. तरुण रुग्ण येत. महिनोन्‌महिने जुलाब, बारीक ताप, घटत चाललेले वजन, पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखणे आणि तिथेच हाताला लागणारी गाठ अशी त्यांची तक्रार असे. काहींचे अपेंडिक्स आधीच काढून झालेले असे, तरी त्रास थांबलेला नसे. बहुतेकांच्या कागदावर आतड्याचा क्षय असा शिक्का बसे. लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते, ती क्षयाची आवडती जागा असल्याने हा समज स्वाभाविक होता. अडचण एवढीच होती की या रुग्णांमध्ये क्षयाचे जंतू सापडत नव्हते.

१९३० च्या सुमारास असाच एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा क्रोन यांच्याकडे आला. त्यांनी त्याला शल्यविशारद डॉ. अब्राहम बर्ग यांच्याकडे पाठवले. बर्ग यांनी शस्त्रक्रिया करून लहान आतड्याचा सुजलेला, जाड झालेला शेवटचा भाग काढून टाकला. तपासणीत तो क्षय नव्हता आणि कर्करोगही नव्हता. क्रोन यांच्याकडे असे दोन रुग्ण होते. त्याच रुग्णालयात डॉ. लिऑन गिन्झबर्ग आणि डॉ. गॉर्डन ओपेनहायमर हे दोघे बर्ग यांनी काढलेल्या आतड्यांच्या तुकड्यांचा कित्येक वर्षे अभ्यास करत होते. त्यांच्याकडे अशाच बारा रुग्णांची नोंद होती. दोन आणि बारा मिळून चौदा रुग्ण झाले.

या चौदा जणांची हकिगत क्रोन यांनी मे १९३२ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात मांडली. आधी या आजाराला त्यांनी टर्मिनल इलायटिस म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा दाह असे नाव दिले होते. पण टर्मिनल हा शब्द ऐकून रुग्ण आपली अखेर जवळ आली असे समजेल, ही अडचण मेयो क्लिनिकचे डॉ. बार्गन यांनी लक्षात आणून दिली. ती सूचना मान्य करून नाव रीजनल इलायटिस असे बदलण्यात आले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी असोसिएशनच्या नियतकालिकात लेख छापून आला. एका शब्दाने रुग्णाच्या मनावर काय परिणाम होईल, याचा विचार करून आजाराचे नाव बदलल्याचे हे उदाहरण आजच्या डॉक्टरांनीही ध्यानात ठेवावे असे आहे.

लेखावर नावे वर्णाक्षरांच्या क्रमाने छापली गेली. इंग्रजी वर्णमालेत क्रोन यांचे आडनाव गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांच्या आधी येते, म्हणून ते पहिले आले. बर्ग यांचे आडनाव क्रोन यांच्याही आधी आले असते, पण लेखनात आपला सहभाग नाही, असे सांगून त्यांनी आपले नाव घालू दिले नाही. ते घातले असते, तर आज हा आजार कदाचित बर्ग यांच्या नावाने ओळखला गेला असता. बारा रुग्णांची नोंद ज्यांनी ठेवली होती, त्या गिन्झबर्ग यांच्या मनात मात्र आपल्या कामाचे श्रेय पुरेसे मिळाले नाही, ही खंत पुढे दीर्घकाळ राहिली. क्रोन यांनीही स्वतःचे नाव आजाराला लावण्याचा आग्रह कधी धरला नाही. ते रीजनल इलायटिस हेच नाव वापरत राहिले.

खरे तर हा आजार त्यांच्याही आधी काहींनी पाहिला होता. पोलंडमध्ये अंतोनी लेश्नियोव्स्की या शल्यविशारदाने १९०४ मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिले होते. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे केनेडी डॅलझिएल यांनी १९१३ मध्ये नऊ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली होती. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि त्या लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हा वेगळा आजार आहे, त्याची ही लक्षणे आहेत आणि तो क्षय नव्हे, एवढे स्वच्छ मांडले. त्यामुळे जगभरचे डॉक्टर आपापल्या रुग्णांकडे नव्याने पाहू लागले.

त्या लेखातल्या काही गोष्टी पुढे चुकीच्या ठरल्या. आजार फक्त लहान आतड्याच्या शेवटच्या आठ ते बारा इंचांत असतो आणि तेवढा भाग कापून काढला की रुग्ण बरा होतो, असे १९३२ मध्ये वाटले होते. काही वर्षांत तेच रुग्ण परत येऊ लागले. जिथे आतडे जोडले होते, त्याच्या अलीकडेच नवे व्रण दिसू लागले. १९६० मध्ये लंडनच्या लॉकहार्ट-ममरी आणि मॉर्सन यांनी हाच आजार मोठ्या आतड्यातही होतो, हे दाखवून दिले. आज आपल्याला माहीत आहे की तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही तो होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत पसरतो, मधला भाग निरोगी सोडून पुढे पुन्हा उमटतो, आणि शस्त्रक्रियेने आटोक्यात आला तरी मुळापासून जात नाही. क्रोन यांनी आपल्या हयातीत हे सारे बदल पाहिले आणि १९४९ च्या आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९५८ मध्ये नव्याने काढली.

१९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यावर याच आजारासाठी तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि इलायटिस हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. तोवर केवळ डॉक्टरांपुरता असलेला हा आजार घराघरांत माहीत झाला.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र अनुत्तरित होता. आजार होतो कशामुळे? क्षयाचा किंवा त्याच्या जातभाईंपैकी एखादा जंतू यामागे असावा, असा संशय क्रोन यांना होता. कोणी मनावरचा ताण सांगे, कोणी आहार सांगे. आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात येत होती. कधी भाऊ आणि बहीण दोघांना, कधी आई आणि मुलाला हा आजार दिसे. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात तो इतरांपेक्षा दोन ते चार पट अधिक आढळे. म्हणजे काहीतरी पिढ्यांतून येत होते. पण ते नेमके काय, हे शोधण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते.

क्रोन नव्वदीपर्यंत रुग्ण पाहत राहिले. फावल्या वेळात ते जलरंगात चित्रे काढत आणि अमेरिकेच्या यादवी युद्धाचा इतिहास वाचत. २९ जुलै १९८३ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू मिलफर्ड येथे वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले नाही, त्याचा पहिला धागा त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी हाती आला.

१९९६ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी एकाहून अधिक रुग्ण असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून सोळाव्या गुणसूत्रावरील एका भागाकडे बोट दाखवले. २००१ मध्ये त्या भागातले नेमके जनुक सापडले. त्याचे नाव नॉड-२. हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते, ते प्रथिन पेशीच्या आत पहारेकऱ्याचे काम करते. जंतूंच्या भिंतीचा एक विशिष्ट तुकडा दिसला की ते प्रतिकारयंत्रणेला सावध करते. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू कायम वस्तीला असतात. त्यांतले कोण आपले, कोण परके, कोणाला किती आत येऊ द्यायचे, याचा हिशोब सतत चालू असतो. नॉड-२ मध्ये दोष असला की पहारा ढिला पडतो. मग जंतू भिंतीच्या जवळ सरकतात आणि उशिरा जागी झालेली प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त काळ आणि जास्त जोराने लढत राहते. त्या लढाईत आतड्याचेच नुकसान होते.

नॉड-२ मधील तीन बदल युरोपीय वंशाच्या लोकांत विशेष महत्त्वाचे ठरले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून असा एक बदल आला, तर क्रोन्सचा धोका दोन ते चार पट होतो. दोघांकडून एकेक आला, तर तो वीस ते चाळीस पट होतो. हे आकडे ऐकून घाबरायला होते, म्हणून दुसरी बाजूही लगेच समजून घ्यायला हवी. मुळात आजार दुर्मीळ असल्यामुळे, दोन्ही प्रती सदोष असलेल्या शंभर जणांतील नव्वदहून अधिक जणांना तो आयुष्यभर होत नाही. उलट क्रोन्स झालेल्या अनेक रुग्णांमध्ये नॉड-२ पूर्णपणे निर्दोष असतो.

पुढच्या काही वर्षांत आणखी जनुके सापडत गेली. २००६ मध्ये इंटरल्यूकिन-२३ या संदेशवाहकाच्या ग्राहकाचे जनुक पुढे आले. त्यातला एक बदल तर आजारापासून संरक्षण देणारा निघाला. २००७ मध्ये पेशीतला कचरा आणि घुसलेले जंतू पचवणाऱ्या यंत्रणेशी जोडलेले एक जनुक सापडले. आज क्रोन्स आणि त्याचा जोडीदार आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस मिळून दोनशेहून अधिक जनुकीय जागा ओळखल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा एकट्याने होणारा परिणाम अगदी थोडा असतो. इंटरल्यूकिन-२३ ला रोखणारी औषधे आता या आजारांवर वापरात आली आहेत, हा या शोधांचा रुग्णांना मिळालेला प्रत्यक्ष लाभ.

सर्व काही जनुकांतच असते का? जुळ्यांचा अभ्यास याचे उत्तर देतो. ज्यांची जनुके एकसारखी असतात अशा एकबीज जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स असला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण आणखी कमी असते. म्हणजे जनुके जमीन तयार करतात, पण बी बाहेरून पडते. धूम्रपान हे त्यातले सर्वांत ठळक कारण असून त्याने क्रोन्सचा धोकाही वाढतो आणि झालेला आजारही बळावतो. बालपणातील प्रतिजैविके, बदललेला आहार आणि शहरी राहणी यांचाही संबंध अभ्यासला जात आहे. ब्रिटनमधील लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांच्या पुढच्या पिढीत अल्सरेटिव्ह कोलायटिस वाढलेला आढळला. जनुके तीच होती, पण देश बदलला होता.

आता आपल्याकडचा प्रश्न. नॉड-२ मधील ते तीन प्रसिद्ध बदल चिनी, जपानी आणि कोरियन लोकांत जवळपास आढळतच नाहीत, आणि भारतीय रुग्णांतही ते दुर्मीळ आहेत. त्यामुळे परदेशी कंपनीच्या जनुकीय चाचणीत हे बदल नाहीत असे आले, म्हणून आपल्याला क्रोन्स होणार नाही, असे समजणे चूक ठरेल. निदानासाठी आजही दुर्बिणीने तपासणी, आतड्याचा तुकडा काढून पाहणे, शौचाची आणि रक्ताची तपासणी आणि स्कॅन यांवरच भर द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न थेट क्रोन यांच्याच काळातला आहे. त्यांना ज्या क्षयापासून हा आजार वेगळा करावा लागला, तो क्षय भारतात आजही मोठ्या प्रमाणात आहे. दोन्ही आजार त्याच जागी होतात. दोन्हींत ताप, वजन घटणे, पोटदुखी, व्रण आणि आतडे अरुंद होणे हे सारखेच असते. चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. क्रोन्सला क्षय समजून महिनोन्‌महिने औषधे दिली, तर आतडे तोवर आक्रसते. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षय अंगभर पसरू शकतो. शंका कायम राहिली, तर आपल्याकडे डॉक्टर आधी क्षयाची औषधे देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. व्रण भरून आले नाहीत, तर निदानाचा फेरविचार होतो. रुग्णाला हा वेळकाढूपणा वाटतो, पण त्यामागे हे कारण असते. मधल्या तपासणीला न जाणे किंवा औषधे मनाने बंद करणे मात्र खरोखर धोक्याचे ठरते.

तिसरा प्रश्न घरातला. आपल्यामुळे मुलाला हा आजार आला का, असे आई किंवा वडील विचारतात. लग्न ठरताना आजार लपवला जातो. आई-वडिलांपैकी एकाला क्रोन्स असेल, तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा काही पट जास्त असते, हे खरे आहे. तरीही अशा शंभर मुलांतल्या नव्वदहून अधिक मुलांना तो होत नाही. दोघांनाही आजार असेल, तर मात्र धोका बराच वाढतो. कोणते जनुक मुलाकडे जाईल, हे कोणाच्या हातात नसते आणि त्यात कोणाचा दोषही नसतो. हातात काय आहे, तर घरात कोणी धूम्रपान न करणे, मुलांना गरज नसताना प्रतिजैविके न देणे, आणि लक्षणांकडे वेळेवर लक्ष देणे.

चार-सहा आठवड्यांहून जास्त जुलाब, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारण नसताना घटणारे वजन, मुलांची खुंटलेली वाढ, गुदद्वाराजवळ वारंवार होणारे भगंदर, यांपैकी काही असेल आणि त्यातही घरात कोणाला आतड्याचा असा आजार असेल, तर मूळव्याध किंवा अपचन समजून घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. सरकारी रुग्णालयांतही आता दुर्बिणीची तपासणी होते.

वडिलांच्या अपचनापासून सुरू झालेला बरिल क्रोन यांचा प्रवास ९९ वर्षांचा झाला. आजाराचे कारण त्यांना सापडले नाही आणि त्यांची काही अनुमाने चुकली. पण आपल्यासमोरच्या रुग्णाला नेहमीच्या शिक्क्यात बसवण्याआधी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासून पाहिले, हे खरे काम होते. ज्या देशात आतड्याचा प्रत्येक जुना आजार आजही आधी क्षय म्हणून पाहिला जातो, तिथे हे काम अजून रोज करावे लागते.